पाडवा ते एक मे

फाल्गुन सरत आला की बीड शहरात दोन आवाज सोबतच फिरायला लागतात. एक वसुलीच्या रिक्षाचा. घरपट्टी-नळपट्टी ३१ मार्चच्या आत भरा, थकबाकीदारांची नळजोडणी तोडण्यात येईल, हे एकसुरी रेकॉर्डिंग माळीवेस, धोंडीपुरा, बशीरगंज, पेठ बीड असं गल्लीगल्लीतून जातं. दुसरा आवाज हलगीचा. कुठे रंगाच्या सणाची तयारी, कुठे रामनवमीची, कुठे ११ आणि १४ एप्रिलच्या जयंतीसाठी पोरांचा संध्याकाळचा सराव. रिक्षा आली की लोक दार लोटून घेतात आणि हलगी वाजली की दारात येतात. ही गोष्ट मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करत आली आहे. रिक्षा ज्या कामांबद्दल बोलते ती पाण्याची, गटाराची, रस्त्याची, दिव्यांची कामं हलगीइतकीच आपली आहेत. मिरवणूक ज्या रस्त्याने वाजत जाणार, तो रस्तासुद्धा त्या घरपट्टीतूनच व्हायचा असतो.

बीडमध्ये राहणाऱ्या माणसाला कारभाराची एकच बातमी मनापासून हवी असते: पाणी कधी येणार? माजलगाव धरण आणि बिंदुसरा यांच्या भरवशावर हे शहर जगतं आणि इथे नळ रोज येत नाही. म्हणून प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याचा मेसेज पडला की त्याला पंचांगातल्या मुहूर्ताची किंमत येते. आमच्या गल्लीतल्या एक काकू तो मेसेज गच्चीवर उभं राहून मोठ्याने वाचतात. पलीकडच्या घरात एकटी म्हातारी राहते, तिच्याकडे साधा फोन आहे. तिला ऐकू जाईपर्यंत दोनदा वाचतात. वाचून संपायच्या आत प्रश्न सुरू होतात. आपला भाग की टाकीच्या वरचा? पहाटे म्हणजे किती वाजता? तेव्हा लाइट राहील का? त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, धुणं साठवून ठेवलेलं असतं, सोयरीक बघायला जायचं असेल तर तेही पुढे ढकलतात. एवढ्या ओढीने ऐकली जाणारी दुसरी सरकारी सूचना मी पाहिलेली नाही. गल्लीत उठलेल्या त्या सगळ्या प्रश्नांना मात्र ग्रुपवर जागा नाही, कारण तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येतं.

पाण्याबद्दल विचार करणं या गावाला नवं नाही. निजामशाहीतल्या सलाबतखानाने १५८२मध्ये शहराबाहेर खजाना विहीर बांधली. भुयारातून पाणी विहिरीत येतं आणि भुयारातूनच पुढे शेतांकडे जातं. आजही तिच्या काठावर उभं राहिलं की बांधणाऱ्यांनी जमिनीचा उतार किती बारकाईने वाचला होता ते समजतं. वरच्याचं पाणी खालच्यापर्यंत पोचवायचं तर आधी दोघांचं बोलणं व्हावं लागतं. चारशे वर्षांनीही अडचण बोलण्याचीच आहे.

आणि मधली काही वर्षं तर बोलायला हक्काचं माणूसच नव्हतं. २०१६च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ सरताना संपली. राज्यातल्या इतर अनेक शहरांसारखा बीडचा कारभारही प्रशासकाकडे गेला आणि पुढची निवडणूक व्हायला २ डिसेंबर २०२५ उजाडला. म्हणजे चार वसंत असे गेले, की शहराचा अर्थसंकल्प झाला, पण त्यावर सभागृहात उठून भांडणारा, आपण निवडून दिलेला माणूस तिथे नव्हता. गावाला निदान ग्रामसभा असते. तिथे सामान्य मतदार उभा राहून बोलू शकतो. शहरासाठी तशीच क्षेत्रसभा महाराष्ट्राने २००९मध्ये कायद्यात आणली, पण ती कागद सोडून गल्लीत उतरली नाही. गावचा माणूस बीड शहरात आला की त्याला नळ मिळतो, पथदिवा मिळतो, पण पारावर उठून विचारण्याचा हक्क वेशीबाहेर राहतो. मला ही फार मोठी हानी वाटते.

कारण विचारायची सवय लोकांना नाही असं अजिबात नाही. जयंती समितीची किंवा सप्ताहाची हिशेबाची बैठक ज्याने पाहिली असेल त्याला हे सांगावं लागणार नाही. उत्सव उरकला की दोन-चार दिवसांनी मंदिराच्या ओट्यावर नाहीतर समाजमंदिरात सतरंजी पडते. पावतीपुस्तकांची अर्धुकं एका रबरात बांधून समोर येतात. मंडपाचे इतके, साउंडचे इतके, महाप्रसादाच्या गव्हाचे इतके, गॅसच्या टाक्या, आचारी, फुलं. मग मागच्या रांगेतून एक जण उठतो. त्याची वर्गणी दोनशे एक रुपये. तो विचारतो, "मागच्या सालची शिल्लक कुठं दाखवली?" आणि खजिनदार, मग तो कितीही मोठ्या घरचा असो, वही उलटी फिरवून त्याच्यापुढे धरतो. हाच माणूस वर्षाला काही हजार रुपये घरपट्टी भरतो आणि तिच्या हिशेबाचं एकही पान मागत नाही. वर्गणी मागायला गल्लीतलं ओळखीचं पोरगं दारात आलेलं असतं, त्याने "काका, यंदा काय करायचं?" असं विचारलेलं असतं. ज्याला आधी विचारलं, तो नंतर विचारतो. घरपट्टीचं बिल मात्र दाराच्या फटीतून आत येतं.

सणात माणसं किती सहज एकत्र येतात, हे केज तालुक्यातल्या विड्याला जाऊन बघावं. धुळवडीला तिथे गावाच्या एका जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. गावातल्या देशमुखांच्या एका जावयाने रंग लावून घ्यायला नकार दिला आणि तिथून ही प्रथा पडली, असं सांगतात. त्याला कित्येक पिढ्या झाल्या. धुळवड जवळ आली की जावई गायब होतात, फोन बंद करतात, आणि गावातली पोरं टोळ्या करून त्यांच्या शोधाला निघतात. एक जण सापडतोच. गळ्यात चपलांचा हार, अंगभर रंग, पुढे वाजंत्री, मागे सगळं गाव. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी थांबते. तिथे जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देतात, तीही लोकवर्गणीतून. या मिरवणुकीत मला मजेइतकीच त्यामागची व्यवस्था आवडते. कोण पैसे जमवणार, कोण गाढव आणणार, कोण सोनाराकडे जाणार, हे कुठल्याही परिपत्रकाशिवाय ठरतं आणि वेळेवर होतं. ज्या गावाला हे जमतं त्याला पाणीपुरवठा समिती चालवता येणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

सण आणि कारभार यांची रीतसर गाठ पडते ती पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत. मिरवणूक कुठून निघणार, किती वाजता संपणार, नमाजाच्या वेळी वाद्यं कुठे थांबणार, हे तिथे टेबलावर ठरतं. २०२५मध्ये ३० मार्चला पाडवा होता आणि ३१ला रमजान ईद. त्या पाडव्याच्या पहाटे गेवराई तालुक्यातल्या अर्धामसल्याच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट घडवला गेला. त्यानंतर अशा बैठकीला औपचारिक म्हणणं मला शक्य नाही. दोन सणांच्या मधल्या रात्री जिल्हा शांत राहतो, तेव्हा त्यामागे चहाचे कप बाजूला सारून तासन्‌तास बोलत बसलेले दोन्हीकडचे जाणते लोक असतात.

आता पाडव्याकडे येतो, कारण बीड जिल्ह्यात पाडव्याला एक वेगळा अर्थ आहे. गुढी उभी राहते, कडुनिंबाची पानं गुळाबरोबर खाल्ली जातात, मारुतीच्या पारावर जोशीबुवा नव्या संवत्सराचं पंचांग वाचतात. पाऊस किती, कुठल्या नक्षत्रात, धान्य स्वस्त की महाग, हे ऐकायला माणसं बसतात. हे महाराष्ट्रात सगळीकडे आहे. आमच्याकडे मात्र त्याच सुमाराला रस्त्याने ट्रॅक्टर यायला लागतात. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजा, पाण्याच्या टाक्या, कोंबड्यांची पाटी, वर बसलेली लेकरं. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडलेला असतो. दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली माणसं घरी येत असतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी: बालाघाटाच्या कुशीतली कितीतरी गावं पाच-सहा महिने अर्धी रिकामी असतात. म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं तेवढी गावात. ती गावं पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतात. झाडाला पालवी फुटण्याशी इथल्या वसंताचा संबंध आहेच, पण त्याहून जास्त तो कुलपं उघडण्याशी आहे. गंजलेलं कुलूप तेल सोडून उघडायचं, पडवीतला पाचोळा लोटायचा, चूल सारवायची आणि मग शेजारणीला विचारायचं, "आम्ही नव्हतो तवा काय काय झालं गं?"

या प्रश्नाचं उत्तर देणं हे पंचायतीचं काम आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेचे दिवस ठरलेले आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बीडच्या ऊसतोड्याच्या वर्षावर हे दिवस ठेवून बघा. २६ जानेवारीला तो कारखान्याच्या तळावर कोपीत असतो. १५ ऑगस्टला गावात असतो, पण खुरपणीचे दिवस. २ ऑक्टोबरला मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते आणि डोकं बाहेरगावच्या तयारीत असतं. गावाच्या वार्षिक विकास आराखड्याची मोहीम मात्र नेमकी २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि थंडीत पुरी होते. ज्याच्या वस्तीला रस्ता हवा, जिच्या दाराशी नळ हवा, ती जोडी तेव्हा पहाटे चारला फडात असते. आराखडा होतो, ठराव होतात, सह्या होतात, सगळं नियमानुसार. फक्त निम्मं गाव त्यात नसतं.

मतदानाचंही तेच. १३ मे २०२४ला बीडमध्ये लोकसभेचं मतदान झालं तेव्हा ही माणसं घरी होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं झालं तेव्हा गाड्या निघण्याचा हंगाम होता. जिल्ह्याचं पोट ज्या स्थलांतरावर चालतं, त्या स्थलांतराकडे बघून सरकारी दिनदर्शिका कुणीच आखलेली नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की बीडचा कारभार बीडचं माणूस घरी असताना व्हावा. ही मागणी मला साधी आणि न्यायाची वाटते.

त्या दृष्टीने १ मे हा आमच्याकडचा सर्वांत मोलाचा दिवस. ३१ मार्चला वह्या बंद झालेल्या असतात, त्यामुळे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च ठेवावा लागतो. शेतात काम नसतं. लग्नसराई असते, पाहुणे असतात, पण माणूस गावात असतो. तरीही अनेक ठिकाणी काय घडतं? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पुढच्या तारखेला दहा-पंधरा माणसांत सगळे विषय उरकतात. सात दिवस आधी नोटीस लावायची असते, ती पंचायतीच्या फळ्यावर लागतेही. नियमात दवंडी अजून आहे. पण ती हलगी किती गावांत खरोखर वाजते? नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती किती ठिकाणी वहीच्या बाहेर होते?

सरपंच होणं किती जोखमीचं असू शकतं, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. ९ डिसेंबर २०२४ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ज्या पदावरच्या माणसाने गावाच्या बाजूने उभं राहायचं, त्याच्या पाठीशी भरलेली ग्रामसभा असणं हा माझ्या दृष्टीने आता नुसत्या नियमाचा प्रश्न उरलेला नाही.

आणि भरलेली ग्रामसभा काय करू शकते, तेही याच जिल्ह्याने दाखवलं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती राज्यातल्या तीन तालुक्यांत: वरुड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. आधी ग्रामसभेचा ठराव, मग प्रशिक्षणाला माणसं, मग श्रमदान. पुढच्या वर्षी धारूर तालुक्यातली जायभायवाडी राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आली. डोंगरातली ही छोटी वाडी. ऊस तोडून आलेल्या माणसांनी विसावा घ्यायचे ते दिवस, आणि त्याच दिवसांत ती पुन्हा टिकाव-फावडं घेऊन उभी राहिली.

श्रमदानाची पहाट ज्याने बघितली तो ती विसरत नाही. अंधारात बॅटऱ्यांची रांग टेकडीकडे सरकते. सलग समतल चराच्या फक्कीच्या रेषा मारलेल्या असतात. एकेक घर आपापल्या रेषेवर उभं राहतं. पुढचा खणतो, मागची पाटी भरते, बाया हातोहात माती बांधावर टाकतात. मुरूम लागला की टिकावाचा आवाज बदलतो आणि कुणीतरी म्हातारा खाली बसून चिमटीत माती घेऊन सांगतो, इथं पाणी जिरंल, तिथं वाहून जाईल. ऊन चढायच्या आत काम थांबतं आणि झाडाखाली भाकरी-ठेचा सोडला जातो. त्या जेवणात सरपंच, विरोधातला गट, भावकीतले अबोले धरलेले चुलतभाऊ सगळे असतात. २०१८च्या १ मेला शहरातल्या लोकांनाही जलमित्र म्हणून महाश्रमदानाला बोलावलं होतं. घरपट्टीच्या रिक्षाला दार लोटणारी माणसं त्या दिवशी पोरांना घेऊन डोंगरावर गेली, हाताला फोड आणून घेतले आणि आपल्या नळातलं पाणी कुठून येतं ते पहिल्यांदा बोटाने दाखवायला शिकली.

बीड शहराने स्वतःही असा एक वसंत पाहिला आहे. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२०ला शहराजवळच्या पालवनच्या एकेकाळी उजाड असलेल्या टेकड्यांवर वृक्षसंमेलन भरलं. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने आणि वनखात्याच्या साथीने तिथे सह्याद्री देवराई उभी राहिली होती, आणि संमेलनाचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. शाळेची पोरं रांगेने झाडांची नावं वाचत होती.

पाडवा ते एक मे या दिवसांतली एक सरकारी सूचना मात्र अशी आहे की ती कितीही मोठ्याने दिली तरी कमीच. अक्षय तृतीया जवळ आली की जिल्हा प्रशासन बालविवाहाबद्दल पत्रकं काढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४४ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. गावात बालविवाह रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे, १०९८वर कुणालाही कळवता येतं. पण पोरगी फडावर सोबत न्यायची तरी भीती, गावात म्हाताऱ्याजवळ ठेवायची तरी भीती, म्हणून उजवून टाकणाऱ्या आईबापाला नुसतं पत्रक थांबवू शकत नाही. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालू आहे का, त्यात मुलीला जागा आहे का, स्वयंपाकाला कोण आहे, ही माहिती पत्रकाच्या पहिल्या ओळीत पाहिजे. आणि ती वैशाखात ठरली पाहिजे, कोयता पुन्हा बांधायच्या वेळी नव्हे.

धारूर तालुक्यातल्या एका गावात १ मेच्या ग्रामसभेला बसायचा योग आला होता. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या, आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा सुरू झाली. पुरुष खुर्च्यांवर, बाया भिंतीच्या कडेने. ग्रामसेवक जमाखर्च भराभर वाचत होते. पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी आली तशी भिंतीकडून एक बाई उठली. हाताला अजून पाचटाचे ओरखडे होते. "भाऊसाहेब, आमचं घर दसऱ्यापासून बंद होतं. बंद घराची पट्टी कशी लागली, ते एकदा सांगा." कुणीतरी "बस की आता" म्हणालं, ती बसली नाही. सरपंच तिच्याच भावकीतल्या, त्यांनी ग्रामसेवकांना वही मागे उलटायला लावली. मग बोलणं पट्टीवर थांबलं नाही. आराखडा कुणी केला, त्यात आमच्या तांड्याकडचा रस्ता का नाही, तो आत्ता वाचून दाखवा, अशी मागणी निघाली. तो वाचला गेला, सगळा, मध्येमध्ये थांबवत. शेवटी असा ठराव झाला की दरवर्षी आराखड्यातली कामं १ मेच्या सभेत वाचावीत, ऊसतोडीहून आलेल्यांच्या सूचना लिहून घ्याव्यात आणि त्या २ ऑक्टोबरच्या सभेपुढे ठेवाव्यात. प्रोसिडिंगमध्ये सूचक म्हणून त्या बाईचं नाव लिहिलं. अनुमोदक कोण म्हणून विचारल्यावर तिच्या नवऱ्याने हात वर केला. घरातलाच नको, दुसरं कुणी सांगा, असं ग्रामसेवक म्हणाले, तेव्हा भिंतीकडचे पाच-सहा हात एकदम वर गेले. त्यातल्या एकीचं नाव घालून त्यांनी पान उलटलं आणि पुढचा विषय घेतला: टँकरच्या फेऱ्या, वस्तीवर दोन की तीन.